फासा बाजूला ठेवून

बेगम बाजारात फासा सुटा मिळत नाही. खेळण्यांच्या घाऊक दुकानात लुडोचे पट, पत्त्यांचे जोड, सोंगट्या, फासे, सगळं पुड्यानं घ्यायचं, नाहीतर डझनानं. दुकानदार मान वर न करता विचारतो, "बेचने कू होना की खेलने कू?" खेळायला हवेत म्हटलं की तो मान वर करून बघतो, कारण त्याच्याकडे खेळायला घेणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं. अफजलगंजाकडून आत शिरलं की पितळेची भांडी, सुकामेवा, मिरची, मसाले, प्लास्टिक, वह्या अशी गल्लीमागून गल्ली लागत जाते. दुसरा आसफजाह निजाम अली खान याची पत्नी हमदा बेगम हिनं ही जमीन व्यापाऱ्यांना दिली आणि तिच्यावरून बाजाराला नाव पडलं. मुसी नदी इथून हाकेच्या अंतरावर आहे. नाव आणि नदी, दोन्हींचं काम पुढे पडणार आहे.

माझ्या बहिणीचं सासर याच बाजाराला लागून, फीलखान्याच्या बाजूला आहे. खाली भांड्यांचं दुकान, वर बिऱ्हाड. घराणं मूळचं बीडकडचं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यामुळे वकिली, नोकरी, व्यापार यासाठी इकडे आलेली अशी मराठी घरं या शहरात पुष्कळ. सुट्टीत त्या घरी मुलांचा गट जमतो. सगळ्यांत धाकटा आठवीत, सगळ्यांत मोठी इंजिनिअरिंगला. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत बघून त्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला घेतला. काही बैठका छान झाल्या आणि मग भाचीनं मला विचारलं, "मावशी, आम्ही एवढा विचार करून काहीतरी ठरवतो, आणि शेवटी फासाच सांगतो की ते जमलं नाही. ज्यात फासे कमी आणि गोष्ट जास्त असा एखादा खेळ नाही का?"

असे खेळ आहेत, आणि बरेच आहेत. त्यातला कोणता घ्यावा याचा शोध मी त्या मुलांसाठी घेतला. तो घेताना लक्षात आलं की प्रश्न फाशांच्या संख्येचा नाहीच. आपण खेळ विकत घेतो तेव्हा एक कायदा विकत घेत असतो: गोष्टीत पुढे काय होणार हे कोण ठरवणार, याचा कायदा. तो पाहून खेळ निवडला तर निवड चुकत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे एकेक पात्र घेतात. चालवणारा सांगतो, "वाड्याचा दरवाजा बंद आहे, आतून कोणाचं तरी रडणं ऐकू येतंय." एखादी म्हणते, "मी दार ढकलते." आता दार उघडलं का? या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला नियम लागतात, आणि खेळाखेळांतला फरक तिथेच पडतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला छापून बाजारात आलेला पहिला खेळ, १९७४ सालचा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी राहणारा गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला. दोघंही युद्धखेळांचे शौकीन होते: टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे आणि लढाया खेळायच्या. त्या छंदाचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियाच्या सैन्यात आहे. तिथे अधिकाऱ्यांना नकाशावर लढाई शिकवत, आणि रणांगणातली अनिश्चितता दाखवण्यासाठी फासे वापरत. फासा या खेळात आला तो असा, तोफेचा गोळा लागला की चुकला हे ठरवायला. मायलेकीचं भांडण किंवा मित्राचा विश्वासघात ठरवायचं काम त्याच्याकडे कधी नव्हतंच. ते त्याच्यावर नंतर येऊन पडलं.

याच घराण्यातली एक आधीची घटना मला फार मोलाची वाटते. १९६९ मध्ये मिनियापोलिसला डेव्हिड वेझली या तरुणानं ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाची लढाई मांडली. सैन्यं दोनच होती आणि मित्र जास्त जमले होते, म्हणून उरलेल्यांना त्यानं गावातल्या माणसांच्या भूमिका वाटून दिल्या. लढाई सुरू होण्याआधीच ही मंडळी एकमेकांना कोपऱ्यात घेऊन कारस्थानं करायला लागली. वेझलीला वाटलं की खेळ पार फसला. मित्र मात्र पुन्हा कधी खेळायचं ते विचारायला आले. डेव्ह आर्नेसन त्याच गोतावळ्यातला. म्हणजे माणसं माणसांशी बोलायला लागली तिथे हा प्रकार जन्मला, फासे तर आधीपासून टेबलावर होतेच.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. महाभारतातलं सभापर्व आठवून पाहा. फासे पडत जातात आणि युधिष्ठिर एकेक गोष्ट हरत जातो. एवढंच असतं तर ती जुगाराची नोंद झाली असती. गोष्ट पेट घेते ती द्रौपदी सभेला प्रश्न विचारते तेव्हा: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का? त्या प्रश्नाला कुठल्याही फाशात उत्तर नाही. भीष्मालाही ते देता येत नाही, विकर्ण उठून बोलतो, कर्ण त्याला गप्प करतो, आणि सभेतल्या प्रत्येकाला आपण कोण आहोत ते ठरवावं लागतं. फाशानं राज्य गेलं, पण कोण कसा वागला हे फाशानं ठरवलं नाही. मुलांना हवं होतं ते हेच दुसरं, आणि त्यांच्या हाती येत होतं पहिलं.

आपल्याकडच्या पटांवरही हे दोन्ही प्रकार दिसतात. परंपरेनं ज्ञानेश्वरांशी जोडलेल्या मोक्षपटात खेळणाऱ्याला ठरवायला काही उरत नाही. दान पडेल तसं चढायचं आणि उतरायचं. सोंगट्यांत दान दैवाचं असलं तरी कोणती सोंगटी हलवायची ते आपलं असतं. औरंगाबादच्या हरिकृष्णशास्त्र्यांनी १८७१ मध्ये 'क्रीडाकौशल्य' लिहिलं, त्यात असे कितीतरी खेळ नोंदलेले आहेत. हे औरंगाबादही तेव्हा निजामाच्याच राज्यातलं.

भूमिकाखेळांच्या जगात हा विचार नीट मांडला तो जोनाथन ट्वीट या रचनाकारानं, १९९५ च्या 'एव्हरवे' या खेळात. त्यानं निर्णयाच्या तीन वाटा सांगितल्या. पहिली, पात्राची कुवत पाहून ठरवणं: पैलवानाला दार उघडेल, पोराला उघडणार नाही. दुसरी, गोष्टीला काय हवं ते पाहून ठरवणं. तिसरी, दैव, आणि त्यासाठी त्यानं फाशांऐवजी चित्रांच्या पत्त्यांचा जोड दिला. चित्राचा अर्थ लावायचा म्हणजे पुन्हा माणूसच आला. त्याच्या चार वर्षं आधी, १९९१ मध्ये, एरिक वूजचिकनं 'अँबर' हा खेळ आणला होता, रॉजर झेलाझ्नीच्या कादंबऱ्यांवर आधारलेला, आणि त्यात फासा अजिबात नव्हता. सुरुवातीलाच खेळाडू शंभर गुणांतून आपापल्या पात्राचं बळ, चिवटपणा, युद्धकौशल्य आणि मनःशक्ती यांसाठी लिलावात बोली लावतात. कोण कोणापेक्षा वरचढ ते तिथेच ठरतं. मग वरचढ माणसाला हरवायचं तर मैदान बदलावं लागतं, डाव रचावा लागतो. खेळ फार चतुर आहे. पण सगळा भार चालवणाऱ्याच्या डोक्यावर येतो, म्हणून नवशिक्यांना मी तो सांगणार नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फासा गेला की गोष्ट आपोआप चांगली होते, असं मानणारे चुकतात. आमच्या गटातला एक पुतण्या मुळात अबोल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये वीस बाजूंचा फासा त्याच्या हातात आला की त्याला सगळ्यांइतकाच वाव मिळायचा. वीस पडले म्हणजे पडले, कोणी वाद घालू शकत नाही. फासा बोलक्या-अबोल्यात फरक करत नाही, त्याची ही सचोटी मोठी आहे. फासा काढून घेतला आणि त्या जागी दुसरी शिस्त आणली नाही, तर मोठ्या आवाजाचं माणूस गोष्ट पळवतं. म्हणून फाशाविना खेळ निवडताना पहिली चौकशी ही करायची: यात बोलण्याची पाळी कशी ठरते? नियमपुस्तकात त्याचं नेमकं उत्तर नसेल तर पुस्तक कितीही देखणं असो, घेऊ नये.

ज्यांना एकदम उडी मारायची नाही त्यांच्यासाठी मधली वाट आहे. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांचा 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' हा खेळ २०१० मध्ये आला आणि त्याच्या पद्धतीवर पुढे कितीतरी खेळ रचले गेले. यात साधे दोन फासे टाकायचे. बेरीज दहा किंवा वर गेली की मनासारखं होतं. सात ते नऊ आली की होतं, पण किंमत मोजून. सहा किंवा कमी आली की गोष्ट चालवणारा अडचण उभी करतो. हे 'किंमत मोजून' फार महत्त्वाचं आहे. दार उघडतं, पण आवाज होतो. माफी मिळते, पण अट घालून. फासा पडल्यावर गोष्ट थांबत नाही, तिला फाटा फुटतो. फासे आवडणाऱ्या आणि कंटाळलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या माणसांचा गट असेल तर इथून सुरुवात करावी.

'ड्रेड' या २००५ च्या भयखेळात फाशाच्या जागी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा आहे. जोखमीचं काही करायचं तर मनोऱ्यातून एक ठोकळा काढायचा. मनोरा ज्याच्या हातून पडेल त्याचं पात्र गोष्टीतून बाद. भीतीचं काम तो मनोराच करतो, हात खरोखर थरथरतात. बेगम बाजारात असे ठोकळ्यांचे खोके मिळतात. मुलांना हा खेळ आवडला, आठवीतल्याला तर फारच. पण एका रात्रीच्या थराराचा हा खेळ, त्याच्याकडून जास्त मागू नये.

जेसन मॉर्निंगस्टारचा 'फियास्को' २००९ मधला. मोठी हाव आणि तोकडी अक्कल असलेल्या माणसांची गोष्ट, जी हमखास चिघळते. चालवणारा कोणी नाही. तीन ते पाच जण दोनतीन तासांत एक अख्खी शोकांत धमाल उभी करतात. आधी प्रत्येक दोन शेजारच्या पात्रांमधलं नातं ठरतं, मग एखादी गरज, एखादी वस्तू, एखादी जागा. मूळ आवृत्तीत काळे आणि पांढरे फासे होते, २०२० च्या आवृत्तीत त्यांच्या जागी पत्ते आले. सुरुवातीची मांडणी करायला आणि शेवटचा निकाल काढायला ते फासे टाकतात. मधल्या प्रसंगांत मात्र टाकत नाहीत, देतात. आपल्या पाळीला आपण प्रसंग मांडला तर त्याचा शेवट बरा की वाईट हे बाकीचे ठरवतात, आणि पांढरा किंवा काळा फासा आपल्या हातात ठेवतात. शेवट आपण ठरवायचा म्हटलं तर प्रसंग ते मांडतात. बहिणीच्या घरी मुलांनी याला बेगम बाजाराचं रूप दिलं: दोन भावांत विभागलेलं एक दुकान, मधोमध घातलेली भिंत, कुलूप लागलेलं गोदाम आणि हरवलेली उधारीची वही. वहीत कोणाचं काय लिहिलेलं आहे हे शेवटपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं, खेळणाऱ्यांनासुद्धा.

ते बघायला थांबलेले बहिणीचे सासरे मग म्हणाले, "हे तर दशावतारासारखं झालं." ते बरोबर बोलले. सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्रभर होणाऱ्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं लावायचं ते आधी ठरतं, पात्रं वाटली जातात, कोणत्या प्रवेशात काय घडायला हवं ते सांगितलं जातं, आणि मग राजा, राक्षस, नारद, राणी रंगमंचावर उभं राहून आपापली भाषणं तिथल्या तिथे रचतात. एकानं टाकलेला शब्द दुसरा उचलतो. समोरच्याला अडकवायचं, पण पाडायचं नाही, कारण तो पडला तर आख्यानच पडतं. चांगल्या कथाखेळाचा अख्खा धर्म त्यात आला. तमाशातल्या वगातही हेच अंग आहे. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ पासून गाजलं, त्यात दादा कोंडके प्रयोगाच्या रंगात ताज्या घडामोडींवर जागच्या जागी बोलत. उत्स्फूर्त संवादाचं एवढं भांडवल ज्या भाषेत आहे तिच्यात हे खेळ रुजायला काहीच हरकत नाही.

हैदराबादलाही कथा परकी नाही. सतराव्या शतकात हाजी किस्साख्वान हमदानी नावाचा एक कथेकरी अमीर हम्जाच्या दास्तानीची हस्तलिखितं घेऊन इथल्या कुतुबशाही दरबारात आला आणि सुलतानाच्या सांगण्यावरून त्यानं त्यांचा सारग्रंथ तयार केला, 'जुब्दतुर्रुमूज'. दास्तान सांगणारा समोरच्या माणसांचा कल बघून प्रसंग लांबवी, आटोपता घेई. अशा शहरात बसून मुलांनी फक्त युरोपातले किल्ले आणि ड्रॅगन का खेळावेत, हा माझा आक्षेप पहिल्यापासून होता. तो दूर झाला दोन खेळांनी, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिला 'द क्वाएट इयर', एव्हरी आल्डर यांचा, २०१३ चा. एक वस्ती मोठ्या संघर्षातून नुकतीच सावरते आहे आणि तिला एक वर्ष शांततेचं मिळालं आहे. टेबलावर मोठा कोरा कागद ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून वस्तीचा नकाशा काढत जायचं. शेजारी नेहमीचा बावन्न पत्त्यांचा जोड. एक पत्ता म्हणजे एक आठवडा, एक रंग म्हणजे एक ऋतू: आधी बदाम, मग चौकट, मग किलवर, शेवटी इस्पिक. पत्ता ओढला की त्याचा प्रश्न वाचून उत्तर द्यायचं. मग तीनपैकी एक करायचं: नवं काही शोधायचं, वस्तीची चर्चा बोलवायची किंवा एखादं काम सुरू करायचं. हिवाळ्यात कधीतरी इस्पिकचा राजा निघतो आणि खेळ तिथेच संपतो, कामं पुरी झालेली असोत वा नसोत.

यात फासे आहेत, पण ते टाकत नाहीत. विहीर खोदायला पाच आठवडे लागणार असतील तर नकाशावर त्या जागी पाचचा आकडा वर करून फासा ठेवायचा आणि दर आठवड्याला एकानं उतरवायचा. बेगम बाजारातून आणलेला पुडा असा कामी आला. चर्चेचा नियमही विलक्षण आहे. प्रत्येकानं एकदाच, एकदोन वाक्यांत बोलायचं. चर्चेअंती ठराव होत नाही. आणि आपल्याला डावललं गेलं असं ज्याला वाटेल त्यानं काही न बोलता नाराजीची एक सोंगटी उचलून समोर ठेवायची. अबोल पुतण्यासमोर तिसऱ्या ऋतूत सोंगट्यांचा ढीग झाला आणि सगळ्यांना तो दिसत होता. फासा अबोल माणसाला जी जागा देतो ती इथे सोंगटी देते.

आम्ही वस्ती कल्पनेतली घेतली नाही, मुसीकाठची घेतली, आणि वर्ष पुरानंतरचं. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. हजारो माणसं गेली, पूल मोडले, अफजलगंज आणि आसपासचा भाग पाण्याखाली गेला. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातली जुनी चिंच आजही लोक दाखवतात: तिच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे माणसं वाचली. नंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, त्यांच्या योजनेतून धरणं झाली, उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये. पण पुरानंतरचं पहिलं वर्ष लोकांनी कसं काढलं असेल? मुलांनी नकाशावर सगळ्यांत आधी ती चिंच काढली. मग भाचीनं काम मांडलं, पूल बांधायचा. पुतण्यानं त्याच आठवड्यात दुसरं मांडलं: वाहून आलेल्या सामानाचं गोदाम, तिथे ज्याचं त्यानं ओळखून न्यावं. दोन्हींना माणसं पुरणार नव्हती. भांडी ओळखायची कशी, यावर सासऱ्यांनी सांगितलं की पूर्वी भांड्यावर नाव घालून घेत. मुलांनी ते उचललं. कोणाचं नाव घातलेली कळशी कोणाच्या घरात सापडली, यावरून खेळातला पुढचा सगळा हिवाळा पेटला. इस्पिकचा राजा निघाला तेव्हा पुलाच्या फाशावर अजून दोन होते.

दुसरा खेळ अ‍ॅलेक्स रॉबर्ट्स यांचा, 'फॉर द क्वीन', २०१९ चा. नियमपुस्तक नाही, चालवणारा नाही, फासा नाही. फक्त पत्ते. एक राणी लांबच्या, धोक्याच्या प्रवासाला निघाली आहे आणि खेळणारे तिच्यासोबतचे निवडक लोक आहेत. पाळीपाळीनं पत्ता उचलायचा आणि त्यावरच्या, तुमच्या आणि राणीच्या नात्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. नको असेल तर तो पुढे द्यायचा किंवा टाकून द्यायचा. उत्तरांमधूनच राणी कोण आणि आपण कोण ते घडत जातं. अखेरच्या पत्त्यावर राणीवर हल्ला झालेला असतो आणि प्रत्येकाला विचारलं जातं की तू तिला वाचवणार का.

बेगमेच्या नावाच्या बाजाराशेजारी बसून राणी कोण घ्यायची हा प्रश्न पडलाच नाही. मुलांनी एक कल्पित बेगम घेतली. निजाम अलीनं १७६३ मध्ये राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलवली, तेव्हा निघालेला तिचा काफिला. ते साल मराठी घराला ओळखीचं आहे. त्याच वर्षी निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं आणि जाळलं, आणि १० ऑगस्टला, गोदावरीला पूर आलेला असताना, राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी त्या फौजेचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. राक्षसभुवन बीड जिल्ह्यातलं, म्हणजे या घराच्या मुलखातलं.

भाचीनं दाई घेतली, आठवीतल्यानं पालखीचा भोई, एकानं खानसामा. पुतण्यानं घेतला मोडी लिहिणारा मराठी कारकून. मूळ पत्त्यांबरोबर आम्ही कोऱ्या पत्त्यांवर मराठीत आमचेही प्रश्न लिहिले होते. त्यातला एक त्याच्या वाट्याला आला: बेगमेनं तुझ्याकडून असं काय लिहून घेतलं की ते तू घरी सांगू शकत नाहीस? त्यानं बराच वेळ घेतला. कोणी घाई केली नाही. मग म्हणाला, "पुण्याहून जे सामान आलं, त्याची यादी मी केली. त्यात माझ्या मामांच्या देवघरातली समई होती. मी ती ओळखली आणि वजन लिहिलं." भोई झालेल्या धाकट्यानं लगेच विचारलं, "बेगमेला कळलं?" तो म्हणाला, "कळलं. तिनं यादीतली ती ओळ खोडली आणि समई मला दिली. म्हणून मी अजून तिच्याबरोबर आहे." शेवटचा पत्ता आला तेव्हा दाई आणि भोई बेगमेपुढे उभे राहिले. कारकून म्हणाला, "मी समई तिच्या पालखीत ठेवतो आणि नदी उतरून जातो."

बोलायला कचरणाऱ्या मुलानं हे रचलं. त्याला फाशानं कधी जिंकवलं असतं, कधी हरवलं असतं, पण समईचं वजन त्यानं स्वतः लिहिलं. कथेला झुकतं माप देणारा खेळ म्हणतात तो याला: ज्यात माणसाला ठरवावं लागतं, आणि ठरवलेलं आपलं म्हणावं लागतं.

याच कारणानं एक काळजी घ्यावीच. असे खेळ घरातल्या खऱ्या दुखण्यांपर्यंत पोहोचतात. वाटण्या, लग्नं, आजारपणं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे ते. या खेळांच्या जगात जॉन स्टाव्हरोपोलस यांनी सुचवलेली एक साधी रीत रूढ आहे: टेबलाच्या मधोमध फुलीचा एक पत्ता ठेवायचा. विषय नकोसा झाला तर कोणीही त्याला हात लावावा, कारण विचारायचं नाही, तो भाग गाळून पुढे जायचं. एकत्र कुटुंबात, मोठ्यांच्या देखत खेळताना तर तो पत्ता हवाच. तो पत्ता आहे हे माहीत असलं की माणसं जास्त मोकळी होतात, हेही मी पाहिलं.

भाषेबद्दल. नियम इंग्रजीत आहेत, खेळ मात्र आपल्या बोलीत खेळावा. मुलं इंग्रजीत खेळत तेव्हा सगळी पात्रं सिनेमातल्यासारखी एकाच सुरात बोलत. मराठीत आल्यावर दाई बीडची झाली, आणि खानसाम्यानं दखनीत "नक्को बेगमसाहब, इधर से नक्को" म्हटलं तेव्हा काफिला खरा झाला. नियम एकानं वाचून समजावून द्यावेत आणि प्रश्न मराठीत लिहून काढावेत. मूळ खेळ मात्र विकत घ्यावा. हे रचणारे बहुतेक छोटे प्रकाशक आहेत, आणि पुष्कळ खेळांची डिजिटल प्रत घरबसल्या मिळते.

तर माझा कौल असा. पहिल्यांदाच बसत असाल आणि एकच संध्याकाळ हाताशी असेल तर 'फॉर द क्वीन'. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना सामावून घ्यायचं असेल, आणि आपल्या गावाचा एखादा पूर, दुष्काळ, स्थलांतर मनात असेल तर 'द क्वाएट इयर'. मोठ्या मुलांच्या, एकमेकांना ओळखून असलेल्या टोळीला 'फियास्को'. फाशावाचून करमत नसेल तर 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'च्या पद्धतीचा एखादा खेळ, वयाला शोभणारा विषय निवडून. आणि वीस बाजूंचा फासा ज्यांना मनापासून आवडतो त्यांनी तो खुशाल टाकावा.

या दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे जमतील तेव्हा एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवा. कोरे पत्ते आणा, तुमच्या गावच्या इतिहासातला एखादा प्रवास निवडा, आणि प्रश्न लिहायचं काम घरातल्या मुलांवर सोपवा.